पिनकोडची उकल : सहा आकडी संख्या कागद-पेन्सिलीनं कशी फोडायची

सहावीला पत्रलेखन चाललं होतं. पत्त्याखाली सहा चौकोन आखून त्यांत पिनकोड लिहायचा, एवढंच काम. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, याले कशानं भाग जाते?" पत्र राहिलं बाजूला आणि पुढचे चार तास त्या सहा चौकोनांतच गेले. तेव्हा जी पद्धत बसली ती इथं लिहितो. तुमच्या गावचा पिनकोड घ्या आणि सोबत करत चला. वही, पेन्सिल आणि पडताळ्यापुरता मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर एवढं पुरे.

आमचं गाव अचलपूर तालुक्यातलं. टपालाच्या हिशेबानं आमच्या आजूबाजूला लागोपाठ तीन संख्या येतात : परतवाडा ४४४८०५, अचलपूर ४४४८०६ आणि घाट चढून वर गेलं की चिखलदरा ४४४८०७. पोरांनी चिखलदरा निवडला, कारण सहल तिकडेच जायची होती.

एक गोष्ट आधीच सांगतो. पिनकोड ही पत्त्याची खूण आहे, मोजदाद नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पुढचे आकडे वाटणी करत करत टपाल कार्यालयापर्यंत नेतात. विदर्भाचे सगळे पिनकोड ४४ नं सुरू होतात. म्हणजे या संख्येच्या गुणधर्मांचा गावाच्या गुणांशी काडीचा संबंध नाही. ४४४८०७ मधल्या आकड्यांची बेरीज २७, तिची पुन्हा बेरीज ९. हे ऐकून एक पालक म्हणाले, "म्हणजे शुभ आकडा आहे गुरुजी." शुभबिभ काही नाही, त्याला ९ नं भाग जातो एवढाच त्याचा अर्थ. दर नववी संख्या तशीच असते.

आधी कुंपण घाला

पहिलं काम म्हणजे पिनकोड संख्या म्हणून वाचायचा. "चव्वेचाळीस, अठ्ठेचाळीस, शून्य सात" असं नाही, तर "चार लाख चव्वेचाळीस हजार आठशे सात". असं वाचलं की किती मोठ्या जनावराशी गाठ आहे ते कळतं.

मग वर्गमूळ. संख्या दोन भागांच्या गुणाकारात फुटत असेल, तर त्यातला निदान एक भाग वर्गमुळाएवढा किंवा त्याहून लहान असणारच. दोन्ही भाग वर्गमुळाहून मोठे निघाले, तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. म्हणून भाजक शोधायची हद्द वर्गमुळापाशी संपते.

विदर्भाची इथं मोठी सोय आहे. ४४०००० ते ४४५९९९ या साऱ्या संख्यांची वर्गमुळं ६६३ आणि ६६८ यांच्यामध्ये बसतात. ६६३ × ६६३ = ४३९५६९ आणि ६६८ × ६६८ = ४४६२२४. या हद्दीच्या आतली सर्वांत मोठी मूळ संख्या, म्हणजे १ आणि स्वतःशिवाय कशानंच भाग न जाणारी संख्या, ६६१. तिच्यापुढची मूळ संख्या थेट ६७३. त्यामुळं पत्ता भंडाऱ्याचा असो की बुलढाण्याचा, ६६१ पर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. त्या आहेत १२१. एकदा यादी केली की अख्ख्या विदर्भाला चालते.

यादी करायला इराटोस्थेनिसची चाळणी वापरा. १ ते ६६७ आकडे रांगेनं लिहून १ खोडा. मग २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९ आणि २३ या नऊ संख्या ठेवून त्यांच्या पटी खोडत जा. पुढची मूळ संख्या २९, पण २९ चा वर्ग ८४१, तो हद्दीबाहेर, म्हणून नवावर थांबायचं. ६६७ कडे लक्ष ठेवा. दिसायला अगदी मूळ संख्या, पण २३ × २९ आहे. आमच्या वहीत तो पहिल्या खेपेला तसाच राहिला आणि यादी १२२ ची झाली.

जाता जाता : या पट्ट्यात पूर्ण वर्ग चारच आहेत, ४४०८९६, ४४२२२५, ४४३५५६ आणि ४४४८८९, म्हणजे ६६४ पासून ६६७ पर्यंतचे वर्ग. पूर्ण घन एकही नाही. ७६ चा घन अलीकडे पडतो, ७७ चा पार पलीकडे.

सोप्या कसोट्या, आणि तीन-तीनची फोड

२ आणि ५ शेवटच्या आकड्यावरून कळतात. ३ आणि ९ बेरजेवरून. आपली बेरीज २७, म्हणजे ९ नं भाग जातो.

७, ११ आणि १३ साठी मात्र शाळेत तीन वेगळ्या कसोट्या शिकवतात. त्यातली ७ ची तर परीक्षा झाली की कोणाच्या लक्षात राहत नाही. सहा आकडी संख्येसाठी यापेक्षा चांगली युक्ती आहे. संख्या मधोमध फोडा, ४४४ आणि ८०७. मोठ्यातून लहान वजा करा, ३६३ येतात. आता ४४४८०७ ला विसरा आणि या ३६३ लाच ७, ११, १३ नं भागून पाहा. ७ नं भागलं तर बाकी ६, १३ नं भागलं तर बाकी १२, आणि ११ × ३३ = ३६३. म्हणजे चिखलदऱ्याला ११ नं भाग जातो, ७ आणि १३ नं जात नाही. तिन्ही निकाल एका वजाबाकीत.

हे का चालतं तेही पाहून घ्या, नाहीतर जादूचा प्रयोग वाटेल. ७ × ११ × १३ = १००१. आणि ४४४८०७ म्हणजे ४४४ × १००० + ८०७, म्हणजेच ४४४ × १००१ + (८०७ − ४४४). पहिल्या तुकड्याला तिघांनीही भाग जातोच, म्हणून निकाल उरलेल्या ३६३ वर लागतो.

हेच दोन तुकडे वजा न करता मिळवले तर ३७ ची कसोटी होते, कारण ९९९ = २७ × ३७. ४४४ + ८०७ = १२५१, ३७ नं भागल्यावर बाकी ३०, भाग जात नाही. अमरावती, अकोला, वाशीमवाल्यांना इथं आणखी सवलत आहे. ४४४ हाच ३७ च्या पाढ्यात बाराव्या घरी येतो. तुमचा पिनकोड ४४४ नं सुरू होत असेल तर शेवटचे तीनच आकडे ३७ नं भागून पाहा.

सापडलेला भाजक लगेच काढून टाका

पोरं इथं चुकतात. भाजक सापडला तरी सुरुवातीच्या संख्येलाच पुढं पुढं भागत बसतात. तसं करू नका. ४४४८०७ ÷ ९ = ४९४२३, आणि ४९४२३ ÷ ११ = ४४९३. आता आपलं काम फक्त ४४९३ शी आहे आणि हद्दही नव्यानं ठरवायची. ६६१ वरून आपण एकदम ६७ वर येतो.

तोच भाजक पुन्हा लागतो का, ते पाहून घ्यायचं. ४४९३ ची बेरीज २०, ३ नं नाही. एकाआड एक वजाबाकी ३ − ९ + ४ − ४ = −६, ११ नं नाही. ७ आणि १३ आधीच बाद झालेत. मोठ्या संख्येला ज्यानं भाग जात नाही, त्यानं तिच्या तुकड्यालाही जात नाही.

उरल्या १७ पासून पुढच्या मूळ संख्या. त्या दिवशी वर्गात तेरा पोरं होती, बाकीची कापूस वेचणीला. प्रत्येकाला एकेक संख्या वाटून दिली, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ५३, ५९, ६१. मी अंदाजानं म्हटलं होतं की वर्गमूळ ६६ च्या आसपास असेल, म्हणून ६१ वर थांबलो. बारा पोरं कामाला लागली. तेरावी पोरगी उभी राहिली, "मले कोणता जी?"

तिला काहीतरी द्यायचं म्हणून ६७ दिला आणि फळ्यावर ६७ × ६७ केलं. आलं ४४८९. म्हणजे ४४९३ चं वर्गमूळ ६७ च्या किंचित पुढे होतं आणि ६७ तपासायलाच हवा होता. तिची बाकी आली ४. बाकीच्या बाराही जणांना बाकी उरलीच होती, १७ ला ५, १९ ला ९, २९ ला २७ अशी. तेव्हा ४४९३ मूळ संख्या ठरली. पण समजा आपल्याजवळ ४४९३ ऐवजी ४४८९ असता. बारा पोरांनी "जात नाही" म्हटलं असतं, मी ती मूळ संख्या म्हणून जाहीर केली असती आणि तो चक्क ६७ चा वर्ग निघाला असता. म्हणून हद्द अंदाजानं ठरवू नका. हद्दीवरच्या मूळ संख्येचा वर्ग कागदावर मांडा.

तर ४४४८०७ = ३² × ११ × ४४९३. पडताळा तोंडी होतो : ९ × ११ = ९९, आणि ४४९३ ची ९९ पट म्हणजे ४४९३०० वजा ४४९३.

मोबाइलवर बाकी काढायची रीत अनेकांना ठाऊक नसते. ४४४८०७ ÷ १७ केलं की २६१६५.११७६ असं काही दिसतं. दशांश चिन्हापुढचं सोडा, २६१६५ ला १७ नं गुणा, ४४४८०५ येतात. बाकी २. ही बाकी फेकू नका. ती सांगते की दोन घरं मागं, म्हणजे परतवाड्याला, १७ नं भाग जातो.

शेजाऱ्यांकडे जरा

त्या बाकीच्या धाग्यानं परतवाडा लगेच सुटला : ४४४८०५ = ५ × १७ × ५२३३. ५२३३ मूळ आहे, ७१ पर्यंत तपासून पाहा.

अचलपूरनं मात्र घाम काढला. ४४४८०६ सम आहे, २ काढल्यावर २२२४०३ उरतो. त्याची हद्द ४७१. तिथपर्यंत मूळ संख्या ९१ आणि पोरं तेरा, प्रत्येकी सात. काही संख्या कसोटीनंच उडत होत्या, पण वाटणी सरळ बसली म्हणून तशीच ठेवली. तासाभरात उत्तरं यायला लागली, नाही, नाही, नाही. मग १०१ वाला ओरडला, "एकच उरते जी!" पाठोपाठ ३६७ वालीलाही एकच उरला. दोघांनाही वाटलं, आपलं कुठंतरी चुकलं, एवढ्याशानं हुकतं कसं. चुकलं कोणाचंच नव्हतं. शेजारची संख्या २२२४०२ ही २ × ३ × १०१ × ३६७ आहे, म्हणून दोघांनाही बाकी एकच. शेवटी ४६७ ची बाकी १११ आली आणि २२२४०३ मूळ संख्या ठरली. अचलपूर म्हणजे २ × २२२४०३, बस.

अचलपूर आणि परतवाडा ही जुळी शहरं, कुठं एक संपतं आणि दुसरं लागतं ते नवख्याला कळत नाही. पण त्यांच्या संख्यांत १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही. लागोपाठच्या कोणत्याही दोन संख्या सहमूळच असतात. दोघांना भागणारी संख्या त्यांच्यातल्या फरकालाही भागणार, आणि फरक तर १.

अवयव मिळाले, आता त्यांच्यावर काय काय उभं राहतं

विभाजक किती, हे मोजायला यादी लागत नाही. प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा. चिखलदऱ्याचे घातांक २, १, १; म्हणून ३ × २ × २ = १२ विभाजक. १, ३, ९, ११, ३३, ९९ हे सहा, आणि त्यांना ४४९३ नं गुणून आलेले सहा.

बेरीजही तुकड्यातुकड्यानं येते : (१ + ३ + ९) × (१ + ११) × (१ + ४४९३) = १३ × १२ × ४४९४ = ७०१०६४. यातून संख्या स्वतः वजा केली की २५६२५७ उरतात. बेरीज संख्येएवढीच आली असती तर ती परिपूर्ण संख्या झाली असती, ६ आणि २८ सारखी. आपली बरीच कमी भरते. पण २५६२५७ कडे पुन्हा पाहा, २५६ आणि लगेच २५७. निव्वळ योगायोग आहे, काही सिद्ध होत नाही. तरी मी वहीत त्याभोवती गोल केला आहे.

४४४८०७ शी सहमूळ असणाऱ्या लहान संख्या किती? ९ च्या जागी ६, ११ च्या जागी १०, ४४९३ च्या जागी ४४९२ घालून गुणा, २६९५२० येतात. हे एवढ्यावर सोडतो.

मला जास्त रस आहे तो वर्गांत. दोन वर्गांच्या बेरजेत ही संख्या मांडता येते का? कोणत्याही वर्गाला ४ नं भागलं की बाकी ० किंवा १ येते, म्हणून दोन वर्गांच्या बेरजेची बाकी ३ कधीच येत नाही. ४ ची बाकी शेवटच्या दोन आकड्यांवरून कळते. चिखलदरा ०७, बाकी ३, विषय संपला. अचलपूरही नाही, कारण २२२४०३ ही मूळ संख्या ४ नं भागल्यावर ३ उरवते.

अमरावती शहराचा ४४४६०१ घेऊ. तो १७ × २६१५३ आहे आणि दोन्ही मूळ अवयव ४ नं भागल्यावर १ उरवतात. अशी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असतेच. १७ = ४² + १² तोंडी येतं. २६१५३ साठी १६१ पासून खाली उतरायचं : त्यातून १६१ चा वर्ग वजा करा, उरलेला वर्ग आहे का पाहा, नसेल तर १६०, मग १५९. उरलेल्याच्या शेवटी २, ३, ७ किंवा ८ आला तर बघायचीही गरज नाही, वर्ग तसा संपतच नाही. २९व्या खेपेला १३३ शी गाठ पडते : २६१५३ − १७६८९ = ८४६४ = ९२².

आता ब्रह्मगुप्ताची जोडणी. इ. स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धांतापासून चालत आलेली ही रीत सांगते की दोन वर्गांच्या अशा दोन बेरजा गुणल्या की पुन्हा तशीच बेरीज मिळते. ४ × १३३ आणि १ × ९२ यांची बेरीज ६२४. ४ × ९२ आणि १ × १३३ यांची वजाबाकी २३५. चिन्हं उलटी केली की ४४० आणि ५०१. म्हणजे

४४४६०१ = ६२४² + २३५² = ४४०² + ५०१²

करून पाहा : ३८९३७६ + ५५२२५, आणि १९३६०० + २५१००१. दोन्हीकडे अमरावती.

कापरेकरांची वाट

आकडेमोडीचा नाद आणि शिक्षक म्हटलं की देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आठवतातच. त्यांच्या दोन कसोट्या लहान पोरांनाही जमतात.

हर्षद संख्या म्हणजे आपल्याच आकड्यांच्या बेरजेनं जिला भाग जातो ती. ४४४८०७ ला २७ नं जात नाही, ९ वरच थांबतं. अमरावतीची बेरीज १९, आणि ४४४६०० ला १९ नं पूर्ण भाग जातो. एकानं हुकली बिचारी.

स्वयंभू संख्या म्हणजे जिला जनक नाही. एखाद्या संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवून आपली संख्या येत असेल, तर ती तिची जनक. चिखलदऱ्याचा जनक शोधायला मागं जास्तीत जास्त ५४ घरं पाहावी लागतात, कारण सहा आकड्यांची बेरीज त्यापुढं जात नाही. आपली संख्या ९ च्या पाढ्यातली, म्हणून ९ च्याच उड्या मारल्या तरी चालतं. तिसऱ्या उडीला ४४४७८० लागतो. त्याची बेरीज २७, आणि ४४४७८० + २७ = ४४४८०७. जनक मिळाला, म्हणजे स्वयंभू नाही.

याहून मोठी संख्या आली तर

एका पोरानं लगेच बाबांचा मोबाइल नंबर आणला. दहा आकड्यांची हद्द एक लाखाच्या घरात जाते आणि एक लाखापर्यंत मूळ संख्या आहेत ९५९२. तेरा पोरांत वाटल्या तर प्रत्येकाला सातशेच्या वर. तिथं वहीचा मार्ग खुंटतो, कॉम्प्युटर लागतो. तरी तीन-तीनची फोड चालते : उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडा, पहिला अधिक, दुसरा वजा, तिसरा अधिक, असं करत जा. ७, ११ आणि १३ त्यातही लगेच कळतात.

घरी करून पाहायला तीन देतो. वर्ध्याचा ४४२००१ तीन-तीनच्या फोडीत पहिल्याच घावाला फुटतो. भंडाऱ्याचा ४४१९०४ दोननं भागत राहा, चार वेळा जाईल, मग ७१ आठवा. आणि परतवाडा : ५, १७ आणि ५२३३ तिन्ही ४ नं भागल्यावर १ उरवतात आणि ५२३३ = ७२² + ७². ब्रह्मगुप्ताची जोडणी दोनदा केली की ४४४८०५ च्या वर्गांच्या चार जोड्या निघतात. एक मी देतो, ६६२ आणि ८१. उरलेल्या तीन आमच्या तेराव्या पोरीनं शोधल्यात, वही अजून तिच्याकडेच आहे.